निधी मागणं आणि हक्क मागणं

अकोला-अमरावतीत समाजकार्य शिकणारी मुलं आम्हाला विचारतात, "संस्थेसाठी पैसा उभा करणं हे काय करिअर आहे?" आहे. आणि वऱ्हाडाला ते नवंही नाही. शेंडगावात 1876 साली जन्मलेले, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात मामाकडे वाढलेले गाडगेबाबा आयुष्यभर तेच करत होते. आधी खराट्यानं गाव झाडायचं, रात्री कीर्तन, मग लोक आपण होऊन द्यायचे. जमलेल्या पैशातून धर्मशाळा झाल्या. त्या विश्वस्तांच्या स्वाधीन केल्या, घरच्यांच्या नाही. पंढरपुरात अस्पृश्यांना थारा मिळत नव्हता, तिथं त्यांनी चोखामेळा धर्मशाळा बांधली आणि पुढं ती बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. म्हणजे देणगी मागता मागता बाजूही मांडली.

आज या दोन गोष्टी वेगळ्या पडल्यात, खरी अडचण तिथंच आहे. वह्यावाटपाला पैसे लवकर मिळतात, फोटो निघतो ना! हक्काच्या पाठपुराव्याला मिळत नाहीत. अचलपूर तालुक्यातलं पायविहीर घ्या. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2012 साली गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभेनं जंगल राखलं, तिथली सीताफळं मुंबईच्या बाजारात गेली. पण असा दावा उभा करायचा म्हणजे काय? नकाशा काढा, म्हाताऱ्यांचे जबाब लिहून घ्या (कायद्यात तो पुरावा धरतात), ग्रामसभेचा ठराव करा, मग उपविभागीय समिती, मग जिल्हा समिती. खर्च कशाचा? एका कार्यकर्त्याचा पगार, एसटीचं भाडं अन् झेरॉक्स. देणगीदार मात्र विचारतो, "यंदा लाभार्थी किती?"

कंपन्यांच्या सीएसआरचंही तसंच. 2013 च्या कायद्यानं मोठ्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के रक्कम खर्च करावी लागते, पण कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य. आपल्याकडं असे कारखाने किती, राजेहो?

म्हणून या कामात येणाऱ्यानं पहिली दोन वर्षं गावात काढावी असं आमचं मत. 80जी, धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब, प्रस्ताव लिहिणं हे सहा महिन्यांत येतं. तहसील कचेरीत कागद कुठं अडतो ते नाही येत. अन् प्रस्तावात कार्यकर्त्याचा पगार 'इतर खर्चा'त दडवू नका. पहिल्या ओळीत लिहा, महिन्याचा आकडा टाकून. देणगीदारानं तो खोडला, तर त्या पैशात कोणतं काम होणार नाही, तेही त्याच कागदावर लिहून द्या.