लहान ट्रॅक्टरची उचल : अधू हातापायांच्या शेतकऱ्यांसाठी सुरक्षित पद्धती

मृग नक्षत्राच्या सरी पडल्या की द्राक्ष आणि डाळिंबाच्या बागांतील ओळींमध्ये गवत झपाट्याने वाढते. पूर्वी हे गवत विळ्याखुरप्याने काढले जात असे. आता मजुरांची चणचण सर्वत्र भासू लागली असून, नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील बागाईतदार लहान ट्रॅक्टरला गवतकापणी यंत्र जोडून हे काम उरकतात. कापलेले गवत ओळीतच पडून आच्छादनाचे काम करते आणि जमिनीतील ओल टिकते. या यंत्राची पाती मात्र दगडगोट्यांवर आदळून बोथट होतात, बेअरिंगांना वंगण लागते, पात्यांभोवती गवत आणि तारा गुंडाळल्या जातात. ही दुरुस्ती यंत्राच्या खालच्या अंगाला करावयाची असते. म्हणून यंत्र उचलावे लागते, आणि प्रसंगी ट्रॅक्टरही उचलावा लागतो. धोक्याचा आरंभ येथेच होतो.

ज्याचे हातपाय धडधाकट आहेत त्यालाही हे काम जपूनच करावे लागते. ज्याचा गुडघा आखडला आहे, पाठ वाकत नाही, एक पाय कृत्रिम आहे किंवा मळणी यंत्रात ज्याचा हात गेला आहे, अशा शेतकऱ्याने ते कसे करावे, याचा विचार फारसा झालेला नाही. असे शेतकरी प्रत्येक गावात आहेत. घरची शेती तेच पाहतात, ट्रॅक्टरही तेच चालवितात. त्यांनी हे काम सोडून द्यावे असे सांगणे सोपे असले, तरी ते न्याय्य नाही. कामाची रीत बदलावी, हाच खरा उपाय होय.

एक नेहमीचा प्रसंग

कल्पना करावी की, साठी ओलांडलेला एक द्राक्ष बागाईतदार आहे. उजवा गुडघा वाकत नाही. भर दुपारची वेळ असून गडी जेवावयास गेले आहेत. पात्यात तार अडकली आहे. एवढ्याशा कामासाठी कोणाला हाक मारावी, असे त्याला वाटते. तो हायड्रॉलिकने यंत्र वर उचलतो, इंजिन बंद करतो, गोणपाट अंथरतो आणि मोठ्या कष्टाने आडवा होऊन यंत्राखाली सरकतो. इतक्यात त्याचा नातू खेळत खेळत ट्रॅक्टरवर चढतो आणि आसनाशेजारचा दांडा खाली ओढतो.

इंजिन बंद असले तरी दांडा खाली केल्याबरोबर यंत्र खाली येते, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. लहान ट्रॅक्टरच्या मागे जोडावयाच्या गवतकापणी यंत्राचे वजन साधारणतः दीडशे ते अडीचशे किलोग्रॅम भरते. तरण्या माणसाला कदाचित एखादा क्षण मिळेल आणि तो बाजूला लोळेल. ज्याचा पाय वाकत नाही त्याला तो क्षणही मिळत नाही. म्हणून अशा शेतकऱ्यासाठी पहिला आणि शेवटचा नियम एकच आहे : शरीराचा कोणताही भाग उचललेल्या यंत्राखाली कधीही नेऊ नये. माणसाने यंत्राखाली जावयाचे नाही. यंत्राची खालची बाजू माणसासमोर आणावयाची.

हायड्रॉलिक म्हणजे टेकू नव्हे

ट्रॅक्टरच्या मागील तीन-बिंदू जोडणी हॅरी फर्ग्युसन यांच्या प्रयत्नांतून प्रचारात आली आणि १९३९ साली हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यातील ट्रॅक्टरला ती बसविल्यापासून तिचा प्रसार झपाट्याने झाला. शेताच्या टोकाला वळताना व रस्त्याने जाताना अवजार उचलून धरावे, हा तिचा हेतू. माणसाने खाली बसून काम करावे यासाठी ती योजलेली नाही.

उचललेले अवजार सिलिंडरमध्ये कोंडलेल्या तेलावर तोललेले असते. सील झिजले, झडपेत कचरा अडकला किंवा नळी फुटली, तर तेल निसटते व अवजार खाली येते. कधी ते हळूहळू उतरते, तर कधी एकदम कोसळते. जॅकचेही असेच आहे. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. उचललेला भार लोखंडी घोडीवर उतरविल्याखेरीज काम सुरू करू नये.

विटा, सिमेंटचे पोकळ ठोकळे आणि दगड यांचा टेकू कोणीही वापरू नये. त्यांच्यावर भार एका बिंदूवर आला की कोणतीही पूर्वसूचना न देता ते फुटतात.

ट्रॅक्टर उचलण्याची गरज आहे काय?

हा प्रश्न सर्वप्रथम विचारावा. काही देशांत बागेतील लहान ट्रॅक्टरच्या पोटाखाली, पुढील व मागील चाकांच्या मध्ये, कापणी यंत्र बसविलेले असते. तेथे पाती काढण्यासाठी ट्रॅक्टरचे तोंडच वर उचलावे लागते. आपल्याकडे यंत्र बहुधा मागे जोडलेले असते व तीन खिळी काढताच ते सुटे होते. तेव्हा पात्यांच्या कामासाठी ट्रॅक्टर उचलण्याचे कारणच उरत नाही.

सुट्या केलेल्या यंत्रासाठी शेडमध्ये लोखंडी कमान उभारावी. तिचे पाय काँक्रीटमध्ये पक्के रोवलेले असावेत आणि ती जाणत्या वेल्डरकडून करून घ्यावी. घराच्या आढ्याला किंवा जुन्या तुळईला असा भार टांगू नये. कमानीला १ टन क्षमतेची चेन पुली अडकवावी. चेन पुलीचा मोठा गुण असा की, साखळी ओढण्याचे थांबविले की भार त्याच उंचीवर राहतो. स्टुलावर बसून, एका हातानेसुद्धा, थांबत थांबत साखळी ओढता येते.

यंत्राच्या पुढील उभ्या सांगाड्याला साखळी अडकवून ते उचलले असता त्याचे पुढचे अंग वर येते व मागची कड जमिनीवर टेकते. मागे टेकचाक असल्यास ते आधी काढावे. यंत्र जवळजवळ उभे झाले की दोन्ही बाजूंनी ते कमानीच्या पायांना स्वतंत्र साखळ्यांनी बांधावे. चेन पुलीची साखळी सोडू नये. ती तिसरा आधार म्हणून राहू द्यावी. आता पात्यांची बाजू भिंतीवरील चित्राप्रमाणे समोर येते आणि स्टुलावर बसलेल्या माणसाला छातीच्या उंचीवर काम करता येते. बसताना समोरासमोर न बसता थोडे बाजूला, यंत्र कलल्यास ज्या दिशेने पडेल ती दिशा सोडून बसावे. यंत्र उभे केल्यावर गिअरबॉक्सच्या हवाछिद्रातून तेल गळते, म्हणून तेल आधी काढून घ्यावे आणि काम संपल्यावर आठवणीने पुन्हा भरावे.

ट्रॅक्टर उचलणे अटळ असेल तेव्हा

पुढील चाकाचे बेअरिंग बदलणे, टायर काढणे अशा कामांसाठी ट्रॅक्टर उचलावाच लागतो. लहान ट्रॅक्टरचे वजन साधारणतः ७०० ते १००० किलोग्रॅम असते. त्यासाठी पुढील क्रम पाळावा.

(१) जागा सपाट व टणक असावी. काळ्या जमिनीत जॅक रुततो व कलतो. शेडसमोर काँक्रीटची छोटी फरशी करून घेणे उत्तम. ते शक्य नसल्यास जॅक व घोडी यांच्याखाली जाड, रुंद, न चिरलेली सागवानी किंवा बाभळीची फळी घालावी.

(२) अवजार जमिनीवर टेकवावे. पी. टी. ओ. बंद करावा, गिअर टाकावा, ब्रेक अडकवावा, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवावी आणि बॅटरीची ऋण तार काढावी. पी. टी. ओ. दांडा मिनिटाला ५४०, म्हणजे सेकंदाला ९ फेरे घेतो. धोतराचा सोगा किंवा पदर त्यात सापडल्यास सोडविण्यास वेळ मिळत नाही.

(३) जी चाके जमिनीवर राहणार आहेत त्यांना पुढून व मागून लाकडी पाचरी ठोकाव्यात. बहुतेक लहान ट्रॅक्टरांचे ब्रेक मागील चाकांवरच चालतात. मागील चाके उचलल्यावर ब्रेकचा उपयोग राहत नाही, आणि ट्रॅक्टरला रोखून धरणाऱ्या फक्त या पाचरीच असतात.

(४) पुढील आस मध्यभागी एका खिळीवर झुलता असतो. त्यामुळे तोंड उचलल्यावर ट्रॅक्टर कुशीवर कलू शकतो. उचलण्यापूर्वी आस व सांगाडा यांच्यामधील फटीत दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी घट्ट बसवाव्यात.

(५) बाटलीच्या आकाराचा जॅक चालविण्यास उकिडवे बसावे लागते. ज्याला तसे बसता येत नाही त्याने चाकांचा, लांब दांड्याचा ट्रॉली जॅक वापरावा. तो उभ्यानेच चालतो. हा जॅक भार उचलताना थोडा पुढे सरकत असतो. म्हणून तो केवळ गुळगुळीत फरशीवरच वापरावा. मातीत त्याची चाके अडकली तर भार जॅकवरून निसटतो. जॅक लावण्याची जागा कंपनीच्या माहितीपुस्तिकेत दाखविलेली असते.

(६) थोडे उचलावे, थांबावे, पाहावे आणि मग पुढे जावे. गरजेपेक्षा अधिक उंच उचलू नये. लोखंडी घोड्यांची जोडी लांब दांड्याने आत सरकवावी आणि भार हळूहळू त्यांच्यावर उतरवावा. नंतर बाजूला उभे राहून ट्रॅक्टर हाताने हलवून पाहावा. घोड्या डगमगल्या तर सर्व उतरवून पुन्हा आरंभ करावा.

पात्यांची निगा

पाते सोडविण्यापूर्वी ते व यंत्राचे कवच यांच्यामध्ये लाकडाचा ठोकळा अडकवावा, म्हणजे पान्याचा जोर लावताना पाते फिरत नाही. हातात चामडी मोजे असावेत. लांब दांड्याचा बॉक्स पाना वापरल्यास कमी जोरात नट सुटतो. पाती बाकावर शिकंज्यात धरून मूळच्याच उतारावर घासावीत. समोरासमोरील पात्यांचे वजन सारखे असावे लागते. दोन्ही पाती तराजूच्या दोन पारड्यांत घालून पाहावीत आणि जड पाते आणखी घासावे. एक पाते चिरले असल्यास जोडीने दोन्ही बदलावीत. वजनातील फरकाने यंत्र थरथरते आणि बेअरिंग लवकर जाते. वंगण देण्याच्या नळीला लांब लवचिक जोड लावून घेतल्यास वाकण्याचे श्रम वाचतात.

मदत मागण्यात कमीपणा नाही

अपंगत्व आलेल्या शेतकऱ्याने शेती सोडू नये, तर अवजारे त्याच्या सोयीची करावीत, हा विचार इतर देशांत रुजला आहे. अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठाने १९७९ साली या कामास आरंभ केला. पुढे १९९० च्या शेतकी कायद्याने त्यास शासकीय पाठबळ मिळून ‘ॲग्रॅबिलिटी’ या नावाने तो कार्यक्रम १९९१ पासून अनेक राज्यांत पसरला. आपल्याकडे दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. कायद्याचा हेतू शेतापर्यंत पोहोचविण्याचे काम मात्र गावातच व्हावयाचे आहे.

या बाबतीत गावपातळीवरील कार्यकर्त्यांना पुष्कळ करता येईल. आपल्या गावात अधू शरीराने ट्रॅक्टर चालविणारे शेतकरी किती आहेत याची नोंद त्यांनी करावी. प्रत्येकाने स्वतंत्र कमान उभारणे परवडत नसल्यास चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून एक कमान, एक चेन पुली आणि घोड्यांच्या दोन जोड्या घ्याव्यात. मृगापूर्वी एक दिवस ठरवून सर्वांची यंत्रे तेथे तपासावीत. घोडी कशी लावावी हे केवळ सांगू नये, तर करून दाखवावे.

एकट्याने उचल करू नये, हा नियम धडधाकट माणसालाही लागू आहे. जवळ एक जाणता माणूस असावा, मुलांना दूर ठेवावे आणि मोबाइल फोन सदऱ्याच्या खिशात, हाताशी असावा.

वर कल्पिलेला बागाईतदार पुन्हा डोळ्यांसमोर आणावा. दुपारची तीच वेळ आहे आणि पात्यात तीच तार अडकली आहे. या खेपेस यंत्र कमानीला उभे बांधलेले आहे. ट्रॅक्टर बाजूला उभा असून त्याची किल्ली आजोबांच्या खिशात आहे. शेजारचा गडी हाकेच्या अंतरावर आहे. आजोबा स्टुलावर बसून पकडीने तार तोडतात, आणि सांगितलेल्या जागेवर उभा राहून नातू ते काम पाहतो. कामाला अर्धा तास अधिक लागला असेल. तो अर्धा तास वाया गेला, असे त्या घरातील कोणीही म्हणणार नाही.