गावात सुलह झाली, पण केस मिटली का?

बांधावरून वाद, त्यातून हाणामारी आणि दोन्हीकडून तक्रारी. औंढा नागनाथ तालुक्यातल्या कुठल्याही गावात घडू शकेल अशी ही गोष्ट. जमातचे बुजुर्ग बसवतात, गळाभेट होते, स्टॅम्पपेपरवर सह्या होतात. सगळ्यांना वाटतं, मिटलं! मग मुलाच्या नोकरीचं पोलीस व्हेरिफिकेशन येतं आणि कळतं, केस अजून चालूच आहे.

सुलह करणं नेकीचं काम आहे. पण घरी केलेल्या कागदाने कोर्टातली केस बंद होत नाही. तडजोड कोर्टात नोंदवावी लागते. त्यासाठी सोपी जागा म्हणजे लोकअदालत. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तिला अधिकार दिले आहेत. साधी मारहाण, चेक बाऊन्स, अब्रुनुकसानी अशी तडजोडपात्र प्रकरणं तिथे मिटतात. खून, बलात्कार यांसारखे गुन्हे तिथे घेताच येत नाहीत.

कायद्याने तडजोड झाली की आरोपी निर्दोष सुटल्यासारखाच धरला जातो. निवाड्यावर अपील मात्र नाही. म्हणून दबावाखाली सही करू नका, घरातल्या बाईलाही करायला लावू नका. तडजोड नाही जमली, तर केस परत कोर्टात जाते. हक्क बुडत नाही.

अर्जासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जा. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००.

गळाभेट गावात घ्या, नोंद कोर्टात करा.