घाण्याचा बैल आणि ३६६ वा दिवस

३१ डिसेंबर २००८ रोजी एक चमत्कारिक गोष्ट घडली. मायक्रोसॉफ्ट कंपनीने २००६ साली ‘झून’ नावाचे, गाणी ऐकण्याचे खिशात मावणारे यंत्र बाजारात आणले होते. त्यातील ३० गिगाबाइट क्षमतेची यंत्रे त्या दिवशी सुरू होता होताच अडकून बसली. बटणे दाबली तरी ढिम्म! यंत्राचा एकही भाग मोडलेला नव्हता. चूक होती आतल्या आज्ञावलीच्या मोजक्या ओळींत. कागद-पेन्सिल घेऊन बसा, ती तुम्हालाही सापडेल.

या यंत्रातील घड्याळ नुसते दिवस मोजत असे. १ जानेवारी १९८० हा पहिला दिवस धरला, तर आजचा कितवा, एवढेच त्याला ठाऊक. त्यावरून साल काढण्याचे काम आज्ञावलीचे. तिची रीत मराठीत मांडली तर अशी:

१. साल १९८० धरा.
२. दिवस ३६५ पेक्षा जास्त आहेत का? नसल्यास थांबा.
३. साल लीप नसेल, तर दिवसांतून ३६५ वजा करा आणि सालात १ मिळवा.
४. साल लीप असेल, तर दिवस ३६६ पेक्षा जास्त आहेत का ते पाहा. असतील तरच ३६६ वजा करा आणि सालात १ मिळवा.
५. पुन्हा पायरी २ कडे जा.

एका फेरीत पायरी ३ व ४ पैकी एकच लागू होते. पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या या पायऱ्यांना संगणकाच्या भाषेत ‘लूप’ म्हणतात. ‘असेल तर’, ‘नसल्यास’ या झाल्या अटी. संगणकाला स्वतःची समज नसते. अट जशी लिहिली, तशीच तो पाळतो.

प्रथम सोपा आकडा घेऊ: ४००. तो ३६५ पेक्षा जास्त आहे. १९८० लीप आहे आणि ४०० हे ३६६ पेक्षाही जास्त आहेत. म्हणून उरले ३४ आणि साल झाले १९८१. आता ३४ काही ३६५ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून थांबायचे. १९८१ चा ३४ वा दिवस म्हणजे ३ फेब्रुवारी. उत्तर बरोबर!

आता ३१ डिसेंबर २००८ घ्या. हा १०,५९३ वा दिवस. २८ फेऱ्यांनंतर साल २००८ येते आणि दिवस उरतात ३६६. हे ३६५ पेक्षा जास्त आहेत, म्हणून थांबता येत नाही. साल लीप आहे, पण ३६६ हे ३६६ पेक्षा जास्त नाहीत, म्हणून वजाही करता येत नाही. पुन्हा पायरी २, पुन्हा तेच प्रश्न, पुन्हा तीच उत्तरे! घाण्याला जुंपलेल्या बैलासारखे यंत्र जागच्या जागी फिरत राहिले. कंपनीने सल्ला दिला, की बॅटरी पूर्ण उतरू द्या आणि १ जानेवारी उजाडल्यावर ती पुन्हा भरा. त्या दिवशी उरणारा आकडा ३६७ होता, आणि त्यातून वजाबाकी सुरळीत होते.

मग दुरुस्ती कशी करावी? पायरी ४ मध्ये ‘३६६ किंवा जास्त’ असे लिहिले तर? बैल सुटेल खरा, पण उत्तर येईल ‘२००९ चा शून्यावा दिवस’! म्हणजे अडकणे टळले आणि चूक मात्र राहिली. खरा उपाय असा: प्रत्येक फेरीत आधी सालाची लांबी ठरवा, लीप असेल तर ३६६, नाहीतर ३६५. दिवस त्या लांबीपेक्षा जास्त असतील तर ती वजा करा आणि साल वाढवा, नाहीतर थांबा.

यातून दोन सवयी लावून घ्या. लूप लिहिताना स्वतःला विचारा, ‘प्रत्येक फेरीत शेवटाच्या जवळ नेणारे काही बदलते आहे ना?’ आणि अट तपासताना तिच्या अगदी सीमेवरचे आकडे घालून पाहा. ४०० ने काहीच उघडकीस आले नाही, हे तुम्ही पाहिलेच.

आता जुनी रीत ३६५, ३६६, ३६७, ७३१ आणि ७३२ या आकड्यांवर चालवून पाहा. बैल कोणत्या आकड्यावर अडकतो? मग तेच आकडे सुधारलेल्या रीतीत घाला आणि प्रत्येकाची तारीख काढा. ७३२ ची तारीख १ जानेवारी १९८२ आली, तर तुमची आज्ञावली योग्य मार्गावर आहे असे समजा.