कोलॅजेन फक्त चेहऱ्यावर नसतं

हल्ली ओपीडीत एक प्रश्न हमखास येतो : ‘डॉक्टर, कोलॅजेनची पावडर सुरू करू का?’ विचारणाऱ्या बहुतेक जणी चाळिशीच्या आसपासच्या असतात. सत्तरीतल्या आजी हे विचारत नाहीत. त्या पदर सारून हातावरचे जांभळे डाग दाखवतात. ‘कुठं आपटले नाही, तरी हे उठतं.’ कोलॅजेन कमी झाल्याचा खरा त्रास त्यांना होत असतो.

आपल्या त्वचेच्या आतल्या थरातलं पाणी वगळलं, तर उरलेल्या वजनात ७० टक्क्यांहून अधिक वाटा कोलॅजेनचा असतो. खाटेची नवार जशी माणसाला तोलून धरते, तसे हे तंतू त्वचेला आणि तिच्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांना तोलून धरतात. तारुण्य ओसरू लागलं की ते दरवर्षी साधारण एक टक्क्याने घटतात. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच वर्षांत तर सुमारे ३० टक्के जातात. नवार सैल पडली की सुरकुती दिसते. आधार गेलेल्या रक्तवाहिन्या किरकोळ धक्क्यानेही फुटतात. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर डाग जास्त उठतात. म्हणून त्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत.

वय थांबवता येत नाही, पण ऊन अडवता येतं. ऑस्ट्रेलियातल्या नँबूर इथे ९०० हून अधिक प्रौढांवर साडेचार वर्षं अभ्यास झाला. रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची त्वचा, मनाला येईल तेव्हा लावणाऱ्यांच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी म्हातारी झाली. हे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. सनस्क्रीन परवडत नसेल तर पूर्ण बाह्यांचा सदरा, स्कार्फ, छत्री. शेतावर राबणाऱ्यांना याचीच गरज अधिक.

पावडरीचं काय? पोटात गेलेलं कोलॅजेन पचतं, त्याचे तुकडे होतात. काही छोट्या अभ्यासांत त्वचेचा ओलावा थोडा वाढलेला दिसला, पण त्यातल्या अनेकांना पैसा उत्पादकांनीच पुरवला होता. डाळ, अंडी, दूध यांतून प्रथिनं आणि लिंबू, पेरू, आवळ्यातून ‘क’ जीवनसत्त्व मिळतं. कोलॅजेन घडवायला ते लागतंच. क्रीममधलं कोलॅजेन तर आत शिरतच नाही, त्याचा रेणू फार मोठा असतो.

मला पावडरीपेक्षा राग आहे तो दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉइड मलमांचा. गोरेपणासाठी, खाजेसाठी, शेजारणीने सांगितलं म्हणून ती महिनोन्महिने चोळली जातात. चेहरा आधी उजळतो, मग त्वचा कागदासारखी पातळ होते, शिरा दिसू लागतात. तिशीतल्या मुलीच्या गालावर सत्तरीची त्वचा मी पाहिली आहे. असं मलम चालू असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा. एकदम सोडल्यास चेहऱ्याची आग होऊ शकते.

घरातल्या वृद्धांसाठी सौम्य साबण, कोमट पाणी आणि अंघोळीनंतर अंग दमट असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन एवढं पुष्कळ आहे. उठवताना दंडाला धरून ओढू नका, पाठीला आधार द्या. चिकटपट्टी खसकन काढू नका, सालही तिच्याबरोबर येते. कातडी सोलवटलीच, तर सुटलेला पापुद्रा कापू नका. स्वच्छ पाण्याने धुऊन तो हलकेच जागेवर बसवा, वर न चिकटणारी पट्टी ठेवा आणि दवाखान्यात आणा.