काळी पडलेली अंडी आणि डोळ्यांना न दिसणारा गडी



मागील उन्हाळ्यात घाटाखाली, रत्नागिरी जिल्ह्यातील राजापूर बाजूला, आपल्या एका वयस्कर सभासदाच्या सुरू उसात जाण्याचा योग आला. प्लॉटमध्ये खोडकिडीची पोंगेमर दिसत होती. पोंगा ओढला की सहज हातात येई, आणि त्याला कुजका वास. मी विचारले, "तात्या, गट ऑफिसातून दिलेली ट्रायकोकार्डे लावली का?" तात्या म्हणाले, "साहेब, ती अंडी काळी ठिक्कर पडली होती हो! कुजकी समजून उकिरड्यात टाकली."

चूक तात्यांची नव्हती, आमची होती. कार्ड हातात दिले, पण त्यावर काय आहे ते समजावून सांगितलेच नाही. म्हणून हा लेख.

कार्डावर असतो तो ट्रायकोग्रामा चिलोनिस. जातीने हा गांधीलमाशीचा भाऊबंद, पण माणसाला चावत नाही की डसत नाही. लांबी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मोहरीच्या एका दाण्यावर तीन-चार सहज ओळीने उभे राहतील. अंग पिवळसर, पोटाकडे काळपट, डोळे लालभडक. पंखांच्या दोन जोड्या. पुढचा पंख पळीसारखा रुंद, त्यावर बारीक केसांच्या रांगा आणि कडेला झालर. या केसांच्या रेघांवरूनच वेस्टवुड नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १८३३ साली ट्रायकोग्रामा हे नाव ठेवले. नराच्या मिशांवर लांब केस असतात, मादीच्या मिशा आखूड आणि टोकाला गदेसारख्या. या गटातल्या जाती एकमेकींसारख्या इतक्या दिसतात, की पूर्वी नावांचा मोठा घोळ होता. बंगळूरच्या सुधा नागरकट्टी आणि एच. नागराजा यांनी १९७१ साली नराच्या जननेंद्रियाची ठेवण ही ओळखीची महत्त्वाची खूण असल्याचे दाखवून दिले, तेव्हा तो घोळ बराच सुटला.

आता त्याचे काम. खोडकिडीचा पतंग पानाच्या खालच्या बाजूला पांढुरकी, चपटी अंडी घालतो, घरावर कौले रचावीत तशी एकावर एक. ट्रायकोग्रामाची मादी अशा अंड्यावर चढते, मिशांनी ठोकून पाहते आणि त्याला भोक पाडून आपले अंडे आत घालते. तिची अळी आतला ऐवज खाऊन टाकते. सुमारे चौथ्या दिवशी ते अंडे काळे पडते, आणि आठवड्याभरात गोल भोक पाडून नवा ट्रायकोग्रामा बाहेर येतो. म्हणजे काळे अंडे हे कुजलेले नव्हे, तर आत आपला गडी तयार होत असल्याची खूण आहे!

प्रयोगशाळेत हेच काम तांदळातल्या पतंगाच्या अंड्यांवर करून घेतात. हा पतंग भरडलेल्या ज्वारीवर वाढवतात. एका कार्डावर सुमारे २०,००० अंडी असतात. शिफारस हेक्टरी ५०,००० ची, म्हणजे एकरी एक कार्ड धरावे. लागण महिन्या-सव्वा महिन्याची झाली की सुरुवात करून दर दहा दिवसांनी चार ते सहा वेळा लावावे. कार्डाच्या पट्ट्या कापून शेतभर पानांच्या खालच्या बाजूस, सकाळी किंवा संध्याकाळी टाचाव्यात. पुढे आठ-दहा दिवस कीटकनाशक फवारू नये, नाहीतर आपलाच गडी आपण मारला असे होईल.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. हा फक्त अंडी मारतो. पोंग्यात शिरलेल्या अळीला तो काही करू शकत नाही. त्यामुळे पोंगेमर दिसल्यावर धावपळ करण्यापेक्षा कार्ड वेळेवर लावावे. मेलेले कोंब जमिनीलगत कापून नष्ट करावेत, पाचटाचे आच्छादन आणि बाळबांधणीही सोडू नये.

माझीही एक चूक कबूल करतो. नोकरीच्या सुरुवातीला कार्डांचा गठ्ठा मी जीपमध्ये काचेमागे भर उन्हात ठेवला होता. वाटप झाले, पण त्यातून एकही गडी निघाला नाही. कार्ड सावलीतूनच न्यावे, आणि मिळाल्यावर घरात ठेवून देऊ नये.

पुढच्या खेपेस तात्यांच्या ओटीवर आम्ही एक पट्टी काचेच्या बाटलीत घालून तोंड कागदाने घट्ट बांधले. दोन दिवसांनी बाटलीत धुळीसारखे कण उजेडाच्या बाजूला सरकताना दिसले. तात्यांनी भिंग डोळ्याला लावले, बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "अरे, हे तर जिवंत आहेत की! मी किती उकिरड्यात घातले!"

ज्यांना शंका असेल त्यांनी ही बाटलीची परीक्षा घरीच करून पाहावी. भिंग गट ऑफिसात आहे. कार्डाची मागणी मात्र लागणीच्या नोंदीबरोबरच करावी, म्हणजे वेळ चुकणार नाही.

— ऊस विकास अधिकारी