एका पगारात शहराचे बिऱ्हाड : आधी वहीत हिशेब, मग टेम्पो

नोकरीची ऑर्डर हातात आली की घरात पेढे येतात. शेजारपाजारचे लोक तोंड गोड करून जातात. आईबापाच्या कष्टाचे चीज झाले, असे सारे म्हणतात आणि ते खरेही असते. पण दुसऱ्याच दिवशी घरात एक प्रश्न उभा राहतो. मुलाने एकटे जायचे की बायको-लेकरांना सोबत न्यायचे?

हिंगणघाट, पुलगाव, आर्वी, देवळी, सेलू या भागातली आपली कितीतरी मुले चाकण, रांजणगाव, पिंपरी-चिंचवड, ठाणे, कल्याण इकडे पोटासाठी गेली आहेत. कुणी कंपनीत, कुणी पोलिसात, कुणी बँकेत, कुणी ठेकेदाराकडे. बहुतेक घरांत कमावणारा एकच. मी पेशाने कारकून आणि शिक्षणाने बी.कॉम. रविवारी विहारात कागदपत्रे घेऊन माणसे येतात, तेव्हा हा विषय हटकून निघतो. "भाऊ, पगार तं इथल्यापेक्षा दुप्पट हाय, मंग पुरत काऊन नाही?" असे एक माउली परवा विचारत होती. या प्रश्नाचे उत्तर नशिबात नाही, वहीत आहे.

न दिसणारी कमाई

आपण म्हणतो, "आमच्या घरात एकाच पगारावर चालते." जरा थांबून मोजा. गावात घर आपले, म्हणून भाडे नाही. दोन-तीन एकर वावर असेल तर गहू, तूर, थोडीफार ज्वारी घरची. दिवाळीच्या सुमाराला घरची बाई कापूस वेचायला जाते, पावसाळ्यात निंदणाला जाते, नाहीतर शिलाई मशीन चालवते. तिचे पैसे कुणी "पगार" म्हणत नाही, पण तेल, साखर, मुलांच्या वह्या त्यातूनच येतात. आजी लेकरे सांभाळते. दुखलेखुपले तर सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जवळ आहे. अडीअडचणीला बचत गटातून दोन हजार मिळतात आणि दुकानदार ओळखीवर उधार देतो.

ही सगळी कमाईच आहे. बिऱ्हाड शहरात नेले की पगार सोबत जातो, ही कमाई मात्र गावात राहते. मग त्यातली एकेक वस्तू रोख पैसे मोजून विकत घ्यावी लागते. म्हणून पगार दुप्पट झाला तरी घराची मिळकत दुप्पट होत नाही. आपली कुटुंबे फसतात ती इथेच.

परळच्या खोल्यांतला संसार

महागड्या शहरात एका मिळकतीवर घर चालवणे ही आजची गोष्ट नाही. सुभेदार रामजी आंबेडकर साताऱ्याहून मुंबईला आले तेव्हा घराचा आधार होता तो त्यांचे महिना ५० रुपयांचे पेन्शन. लोअर परळच्या डबक चाळीत एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच अडगळ, तीच अभ्यासाची जागा. मुलाच्या पुस्तकांसाठी सुभेदार आपल्या लग्न झालेल्या मुलींकडून उसने मागत, त्यांचे दागिनेही गहाण ठेवत. त्या खोलीतून भीमराव एल्फिन्स्टन हायस्कूलमधून १९०७ साली मॅट्रिक झाले.

पुढचा भाग हिशेबाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. नोव्हेंबर १९१८ मध्ये बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगार महिना ४५० रुपये. त्या काळात ही रक्कम मोठी होती. तरी त्यांनी परळच्या बी.आय.टी. चाळीतला मुक्काम हलवला नाही. घरखर्चाला ठराविक रक्कम द्यायची आणि उरलेले लंडनच्या अपुऱ्या शिक्षणासाठी बाजूला टाकायचे, असा क्रम ठेवला. ही शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांचे कर्ज, या बळावर ते १९२० साली लंडनला गेले.

पण या काटकसरीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. तो संसार रमाईंनी ओढला. पाच अपत्यांपैकी चार त्यांनी गमावली. तेव्हा "थोडक्यात भागवू" असे म्हणणे सोपे असते. थोडक्यात भागवण्याचा भार घरातल्या कुणाच्या तरी अंगावर पडतो, आणि बहुधा तो बाईच्या अंगावर पडतो. हे विसरून मांडलेला हिशेब खोटा.

एक नमुना हिशेब

आता प्रत्यक्ष आकडे मांडू. हे आकडे समजुतीसाठी आहेत. आपापल्या ठिकाणचे भाव विचारून ते बदलावेत, पण रकाने हेच ठेवावेत. समजा, पुण्याकडे कंपनीत नोकरी आहे आणि हातात २६,००० रुपये येतात. घरात बायको, दोन शाळकरी मुले, गावी आईवडील.

पहिला रकाना : नवरा एकटा राहतो.
भागीदारीतली खोली २,५००
खानावळ ३,५००
जाणे-येणे, चहा, फोन २,०००
गावी येण्याचा सरासरी खर्च १,५००
एकूण ९,५०० रुपये.

उरलेले १६,५०० घरी येतात. बायको शिलाईचे ३,००० मिळवते. गावच्या घराचा खर्च १२,०००. म्हणजे महिन्याला ७,५०० शिल्लक.

दुसरा रकाना : सारे बिऱ्हाड शहरात.
खोलीभाडे ८,०००
वीज-पाणी १,०००
किराणा, दूध, भाजी ८,५००
गॅस ९००
मुलांची शाळा २,०००
नवऱ्याचे जाणे-येणे १,५००
औषधपाणी ७००
फोन ५००
आईवडिलांना २,०००
एकूण २५,१०० रुपये.

शिल्लक फक्त ९०० रुपये. एका लेकराला ताप आला की ती संपली. आणि या हिशेबात कपडे नाहीत, लग्नकार्य नाही, १४ ऑक्टोबरला किंवा ६ डिसेंबरला जाण्याचे भाडेही नाही.

तिसरा रकाना सर्वांत जास्त विसरला जातो. तो एकदाच होणाऱ्या खर्चाचा. तीन महिन्यांचे भाडे अनामत, म्हणजे २४,०००. दलालाला एक महिन्याचे भाडे ८,०००. सामानाचा टेम्पो १५,०००. पंखा, शेगडी, पिंप, किरकोळ वस्तू १०,०००. झाले ५७,०००. त्यात एका महिन्याच्या पूर्ण खर्चाचे निदान २५,००० गाठीला हवेत. एकूण ८२,०००.

पुष्कळ जण ही रक्कम सावकाराकडून, फायनान्स कंपनीकडून किंवा मंगळसूत्र गहाण टाकून उभी करतात. मग ज्या संसारात ९०० रुपये उरतात, त्यातून हप्ता कसा फिटणार? कर्ज काढून बिऱ्हाड नेणाऱ्याचे पाय पहिल्या महिन्यातच अडकतात.

अकरा महिन्यांचा धीर

वरचे तिन्ही रकाने एकत्र वाचा. नवरा एकटा राहिला तर महिन्याला ७,५०० उरतात. ८२,००० जमायला अकरा महिने लागतात. जूनमध्ये नोकरीवर रुजू झालेला माणूस अकरा महिने धीर धरेल, तर पुढच्या मे महिन्यात कर्ज न काढता बिऱ्हाड नेऊ शकतो. तोवर मुलांच्या परीक्षा आटोपतात, नोकरी टिकणारी आहे की नाही तेही कळते आणि शहराचा कोणता भाग परवडतो याचा अंदाज येतो.

एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. आपल्या विदर्भात उन्हामुळे शाळा उशिरा उघडतात. पुण्या-मुंबईकडे त्या जूनच्या मध्यालाच सुरू होतात. म्हणून जूनच्या पहिल्या आठवड्यात तिथे पोचलेले बरे. नाहीतर मुलाचे पहिले दिवस बुडतात.

सरकारी नोकरीवाल्यांनी घरभाडे भत्त्यावर फार विसंबू नये. केंद्राच्या सातव्या वेतन आयोगात जानेवारी २०२४ पासून हा भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे मूळ वेतनाच्या ३०, २० आणि १० टक्के झाला. मूळ वेतन २१,७०० धरले तर मुंबई-पुण्यात ६,५१०, नागपुरात ४,३४० आणि वर्ध्यासारख्या गावात २,१७० रुपये होतात. म्हणजे बदलीमुळे वाढले ४,३४० आणि वरच्या हिशेबात खोली पडली ८,००० ला. फरक आपल्याच खिशातून जातो.

मुंबईकडे जाणाऱ्यांनी आणखी एक रकाना वाढवावा, वेळेचा. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कल्याण सुमारे ५४ किलोमीटर, बदलापूर सुमारे ६८. लांब गेले की खोली स्वस्त मिळते आणि लोकलचा पासही जड नाही. पण रोज तीन-चार तास गाडीत गेले तर मुलांना बाप फक्त झोपलेला दिसतो.

खोली घेताना

खोली शोधताना आडनाव विचारून, मग "वरण-भातवालेच हवेत" असे सांगून दार लावून घेणारे घरमालक आजही भेटतात. माझ्या धाकट्या भावाला एका शहरात तीन ठिकाणी असा अनुभव आला. चौथ्या ठिकाणी खोली मिळाली ती तिथल्या विहारातल्या ओळखीमुळे. तेव्हा दलालाआधी विहार गाठावे, आपल्या गावच्या आधी गेलेल्या माणसाला विचारावे. त्यात दलालीही वाचते.

खोली मिळाली की करार लेखी करावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी असला पाहिजे आणि त्याची नोंदणी झाली पाहिजे. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी कायद्याने घरमालकावर टाकली आहे. लेखी नोंदलेला करार नसेल आणि पुढे वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी खऱ्या धरल्या जातात. अनामत रकमेचा आकडा करारात लिहून घ्यावा. हाच कागद गॅस, बँक आणि शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून चालतो.

गाव सोडण्याआधी कागद

जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो. तो पुरावा पुण्यात मिळणार नाही. आजोबांच्या शाळेची दाखल-खारीज नोंद, कोतवाल बुकाची नक्कल हे सगळे इथेच तहसीलमध्ये, इथल्याच शाळेत आहे. मुलांचे दाखले जाण्याआधी काढून ठेवावेत. पुढे एका कागदासाठी रजा टाकून वर्ध्याला येण्याचा खर्च वाचतो.

रेशनकार्ड नियमात बसत असेल तर ते रद्द करायची घाई नको. आधार जोडलेले असेल तर राज्यात कोणत्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळते. घरातल्या काहींनी तिकडे आणि काहींनी इकडे आपला वाटा उचलला तरी चालते. शाळा सोडल्याचा दाखला यायला उशीर झाला तरी, शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे, तेवढ्या कारणाने दुसऱ्या शाळेला प्रवेश अडवता येत नाही. पगारातून ई.एस.आय. कापला जात असेल तर बायको-मुलांची आणि अवलंबून असलेल्या आईवडिलांची नावे नोंदवून घ्यावीत. नावे नसतील तर दवाखान्याचा खर्च अंगावर येतो.

केव्हा नेऊ नये

फक्त मोठ्या मुलाच्या कॉलेजसाठी सारे घर हलवणार असाल तर पुन्हा विचार करा. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना सुरू झाली. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपयांची मदत ठरली. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे आणि विद्यार्थी त्या शहराचा स्थानिक रहिवासी नसावा, अशा अटी आहेत. म्हणजे बिऱ्हाड तिथे नेले तर हा हक्कच जाऊ शकतो.

नोकरी ठेकेदाराकडची, वर्षा-सहा महिन्यांची असेल तर एकट्याने राहावे. आईवडिलांपैकी कुणी अंथरुणाला खिळले असेल तर त्यांना पैशापेक्षा माणूस लागतो. नोकरी नागपूरला असेल तर रेल्वेने अपडाउन करणे हाही मार्ग आहे. वर्ध्याहून कितीतरी जण ते करतात.

पण उलटेही खरे आहे. दोन गावांत दोन चुली वर्षानुवर्षे ठेवणेही स्वस्त नसते. गिरण्यांच्या काळात मुंबईत एकटे राहून खानावळीत जेवणारे आणि गावी मनिऑर्डर पाठवणारे लाखो कामगार होते. त्यांच्या मुलांनी बापाला सणापुरते पाहिले. लेकरे मोठी होतात, बाप दारू धरतो, बाई एकटी झिजते. शिल्लक वाढते, संसार आटतो. म्हणून मुदत ठरवावी. अकरा महिने म्हटले तर अकरा महिने, पंधरा म्हटले तर पंधरा. मुदत नसलेला धीर म्हणजे नुसते लांबणीवर टाकणे.

शेवटची आणि महत्त्वाची गोष्ट. हा हिशेब नवऱ्याने एकट्याने मांडू नये. रात्री जेवण झाल्यावर वही मध्ये ठेवून दोघांनी बसावे. गावात तिची कमाई किती होती, शहरात ती काय करू शकेल, मशीन सोबत न्यायची का, पाळणाघर लागेल का, हे तिलाच ठाऊक असते. ९०० रुपयांची शिल्लक ३,९०० व्हायची असेल तर ती बहुधा तिच्याच हातून होईल. शाळेत शिकलेली बेरीज-वजाबाकी कामाला येण्याची हीच वेळ आहे. वहीतली बेरीज दोघांना पटली, तर टेम्पो बोलवा.