मांडव फक्त स्टेजवर, पब्लिक उन्हात. काही झालं तर जबाबदार कोण?

पाडवा झाला की आपल्याकडं यात्रांचा हंगाम सुरू होतो. नारायणगावला राहुट्यांत तमाशाच्या सुपाऱ्या ठरतात, गावोगाव कमिट्या बसतात. या कमिट्यांत बऱ्याच ठिकाणी निम्मी माणसं मुंबईकर मंडळाची असतात. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवलीला माथाडीत, कंपनीत, रिक्षावर असणारी आपलीच माणसं. गावच्या यात्रेची वर्गणी तीच काढतात आणि तिकडं उपनगरात भीमजयंती, महाराष्ट्र दिन, ऑर्केस्ट्रा असे कार्यक्रम मैदानात घेणारीही तीच. म्हणून हे लिहिणं गावच्या कमिटीला आणि मुंबईच्या मंडळाला, दोघांनाही.

खारघर सगळ्यांना आठवत असेल. १६ एप्रिल २०२३, रविवार. महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा, लाखोंची गर्दी, सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत चाललेला. व्यासपीठावर सावली होती, समोरचं मैदान उघडं. लोक आदल्या रात्रीपासून येऊन बसलेले. उष्माघातानं १४ जण गेले. शवविच्छेदनाच्या आधारे तेव्हा ज्या बातम्या आल्या, त्यात बहुतेकांच्या पोटात सहा-सात तास अन्न नव्हतं, असं होतं. म्हणजे नुसतं ऊन नाही. उपाशी पोट, अपुरं पाणी, जागरण आणि जागा सोडता न येणारी गर्दी, हे सगळं एकत्र आलं. आयोजक कुणी हौशी मंडळ नव्हतं, खुद्द राज्य सरकारचा कार्यक्रम होता. तिथं असं होत असेल तर आपल्या चार पोरांच्या कमिटीनं किती जपायला हवं, बघा.

तेव्हा त्या परिसरात पारा ३८च्या आसपास होता. आपल्याकडचा माणूस म्हणेल, ३८ म्हणजे काय, आम्ही ४१मध्ये कांदा काढतो. इथंच चूक होते. कोरड्या हवेत घाम वाळतो आणि अंग गार होतं. मुंबईच्या दमट हवेत घाम नुसता निथळतो, वाळत नाही, त्यामुळं आतली उष्णता आतच राहते. म्हणूनच हवामान खातं मैदानी भागात ४० अंशांपासून उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, तर किनाऱ्यावर ३७पासूनच. सांताक्रूझच्या वेधशाळेत एप्रिल २०२४ मध्ये ३९च्या वर नोंद झाली होती. त्या हवेत दहा हजार माणसं खेटून उभी केली की गर्दीच्या मधोमध वाराही लागत नाही.

खारघरनंतर तीन-चार दिवसांत, त्या वेळचे पर्यटनमंत्री आणि मुंबई उपनगरचे पालकमंत्री मंगलप्रभात लोढा यांनी जाहीर केलं की उन्हाळा ओसरेपर्यंत दुपारी १२ ते ५ उघड्यावर कार्यक्रम होणार नाहीत. चांगलं झालं. पण अशी घोषणा त्या वर्षापुरती चर्चेत राहते. पुढच्या चैत्रात कमिटीला ती आठवतेच असं नाही.

आता कलावंतांकडं वळू, कारण त्यांच्याबद्दल कुणी बोलतच नाही. यात्रेत रात्रीचा तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी हजेरी असते. रात्रभर नाचलेल्या बाया, ढोलकीवाला, सोंगाड्या पुन्हा दिवसा उभे राहतात. अंगावर नऊवारी, पायात घुंगरांचं ओझं, तोंडाला रंग, वर पत्रा नाहीतर ताडपत्री तापलेली. मागं जनरेटरचा धूर. एका यात्रेत बातमीला गेलो होतो, तिथं एक ढोलकीवाला वाजवता वाजवता आडवा झाला. कमिटीतल्या एकानं काय विचारलं माहितीय? "दुसरा माणूस आहे का?" सुपारीच्या कागदावर पैसे, तारीख, वेळ सगळं असतं. पाणी, सावली, विश्रांती, डॉक्टर यांचा शब्द नसतो. फड मालकही मागत नाहीत, कारण मागितलं तर सुपारी दुसऱ्या फडाला जाईल ही भीती.

मोठ्या कलाकारांचं फार वेगळं असतं असंही नाही. अंधेरीत राहणारा गायक केके ३१ मे २०२२ ला कोलकात्यात नझरुल मंच इथं गायला आणि त्याच रात्री गेला. ते बंदिस्त सभागृह होतं आणि मृत्यू हृदयविकारानं झाला. उकाड्यामुळंच गेला असं म्हणता येणार नाही. पण क्षमतेपेक्षा जास्त गर्दी आणि स्टेजवर सारखा घाम पुसणारा केके सगळ्या देशानं मोबाईलवर पाहिला. कार्यक्रम थांबवायचा अधिकार नेमका कुणाला, हे अशा वेळी स्टेजवर कुणालाच ठाऊक नसतं.

कायद्याकडं येऊ. "मंडप कंत्राटदाराला दिला होता, आमचा काय संबंध?" हे वाक्य प्रत्येक दुर्घटनेनंतर ऐकू येतं. त्याचं उत्तर मेरठच्या प्रकरणात मिळालंय. १० एप्रिल २००६ ला तिथल्या व्हिक्टोरिया पार्कात ग्राहक मेळाव्याच्या मंडपाला आग लागून ६५ जण गेले. आयोजकांनी कंत्राटदाराकडं बोट दाखवलं. सर्वोच्च न्यायालयानं २०२२ मध्ये ते मानलं नाही. भरपाईची जबाबदारी ६० टक्के आयोजकांची आणि ४० टक्के राज्याची ठरवली. लोकांना बोलावलं तुम्ही, काम कुणालाही दिलं तरी जबाबदारी तुमची, असा त्याचा साधा अर्थ. मात्र निकालाला सोळा वर्षं लागली, हेही लक्षात ठेवा. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम १०६ नुसार निष्काळजीपणानं मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आधीच्या कायद्यात ती दोन वर्षं होती. परवान्याच्या अर्जावर अध्यक्ष म्हणून सही करणाऱ्या पोरानं हे एकदा वाचून घ्यावं. बॅनरवर मोठा फोटो नेत्याचा असतो, पण पोलीस ठाण्यातल्या कागदावर नाव आपलं असतं.

उन्हाळ्यात धोका फक्त उन्हाचा नाही. १३ मे २०२४ ला दुपारनंतर वळवाचं वादळ आलं आणि घाटकोपरच्या छेडानगरला पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून १७ जण गेले. १२० बाय १२० फुटांचं होतं ते, पालिकेची मर्यादा ४० बाय ४०. स्टेजवर लावतो तो एलईडीचा पडदा, लाईटचे लोखंडी सांगाडे, स्पीकरचे मनोरे, वारा धरायला हे सगळं होर्डिंगसारखंच. मे महिन्यात संध्याकाळी आभाळ काळं झालं की आधी स्टेज रिकामं करायचं, मग पुढच्या रांगा. "दोन गाणी उरलीत" म्हणून थांबायचं नाही.

पाण्याचं एक राहिलं. मोठ्या तिकिटाच्या कार्यक्रमांत गेटवर बाटली काढून घेतात. सुरक्षेचं कारण सांगतात, मग आत विकतचं पाणी. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्राझीलच्या रिओत टेलर स्विफ्टच्या कार्यक्रमात भयंकर उकाड्यात २३ वर्षांची एक मुलगी गेली. त्यानंतर तिथल्या सरकारनं पाण्याची बाटली आत नेऊ द्या आणि फुकट पाणी ठेवा, असा आदेश काढला. आपल्याकडं यात्रेत पाणपोई घालायची जुनी रीत आहे. तिला परवान्याची गरजही नाही. पण पाणपोई कमानीपाशी असते आणि माणूस चक्कर येऊन पडतो तो गर्दीच्या मधे. पाणी आत फिरायला हवं, आणि मधे रुग्णवाहिकेपुरती मोकळी गल्ली हवी. १०८ ला फोन करून उपयोग काय, जर गाडी ऊसाच्या रसाच्या गाड्यांमागं अडकणार असेल?

कुणी पडलंच तर: बडबड असंबद्ध झाली, अंग चटका बसेल इतकं तापलं, शुद्ध हरपली, तर तो उष्माघात. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत आणि जांघेत बर्फ ठेवा. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. गाडी येईपर्यंत अंग गार करत राहायचं.

आमच्या गावची कमिटी येत्या रविवारी बसतेय. मुंबईकर मंडळ सकाळच्या एसटीनं येईल. सुपारीच्या कागदावर यंदा दोन ओळी वाढवायला सांगणार आहे: हजेरी सकाळी अकराच्या आत संपेल, आणि फडाला पाणी, सावली, डॉक्टर कमिटी देईल. खर्चाचं कुणी विचारलं तर फटाक्यांचा आकडा त्यांच्यापुढं ठेवतो.